ओसरीवरून : अभ्यासक्रम कोण ठरवितो?

बदलापूरच्या बाजारांत जांभळांच्या टोपल्या दिसूं लागल्या कीं कॉलेजांतील प्रवेशाचे दिवस आले, असें आम्ही येथें समजतों. हेंद्रेपाड्यांतील आमच्या जुन्या घराला ऐसपैस ओसरी होती. शाळेंतून आल्यावर तेथें बसून मीं शेजारपाजारच्या दोन पिढ्यांच्या मुलांना प्रवेशाचे अर्ज भरून दिले आहेत. आतां तें घर पडून तेथें इमारत उभी राहिली, ओसरी गेली आणि तिच्या जागीं दीड हात रुंदीची गॅलरी आली. तरी या सदराचें नांव मीं बदललेलें नाहीं. अर्ज भरून देणें मात्र सुटलें. अर्ज आतां कागदावर नसतो, आणि त्यांतील अर्धे शब्द मला कळत नाहींत.

यंदा आमची थोरली नात बारावी झाली. एके दिवशीं सकाळीं पूजा आटोपून मी बाहेर येतों तों ही हातांत मोबाइल घेऊन उभी. "आबा, माझा मेजर इतिहास. मायनर कुठला घेऊं?" मायनर म्हणजे कायद्यानें अज्ञान, एवढाच अर्थ आम्हांस ठाऊक; म्हणून मीं म्हटलें, "अगं, अठरा वर्षें पुरीं झालीं ना तुला?" यावर घरांत जो हंशा पिकला तो अद्याप अधूनमधून पिकतो. पण हंसणाऱ्यांपैकीं कोणासही तिच्या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

ज्या घरांत यंदा किंवा पुढल्या वर्षीं हा प्रसंग यावयाचा आहे त्यांच्याकरितां मीं जें समजून घेतलें तें थोडक्यांत सांगतों. केंद्र सरकारनें 2020 सालीं नवें राष्ट्रीय शिक्षण धोरण जाहीर केलें. आपल्या राज्यांत त्याची अंमलबजावणी स्वायत्त कॉलेजांत व विद्यापीठांच्या स्वतःच्या विभागांत 2023 च्या जूनपासून आणि इतर संलग्न कॉलेजांत 2024 च्या जूनपासून सुरू झाली. या पद्धतींत सर्व शिक्षण 'श्रेयांक' या मापानें मोजतात. एका सत्रांत पंधरा तास वर्गांत शिकलें म्हणजे एक श्रेयांक. प्रयोगाचें काम असल्यास तीस तास. एका सत्रांत वीस ते बावीस श्रेयांक मिळवावयाचे. एक मुख्य विषय, तो मेजर. एक जोडविषय, तो मायनर. शिवाय दुसऱ्याच शाखेंतील एखादा विषय, एखादें हस्तकौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण आणि 'भारतीय ज्ञानपरंपरा' अशीं लहानमोठीं पात्रें ताटांत वाढलेलीं असतात. एका वर्षानें शिक्षण थांबविलें तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनीं पदविका, तीन वर्षांनीं पदवी आणि चार वर्षें पुरीं केलीं तर सन्मान पदवी. मिळविलेले श्रेयांक सरकारी खात्यांत जमा राहतात, आणि कांहीं काळानें विद्यार्थी परत आला तर मागचें शिल्लक धरून पुढें शिकतो.

हें सर्व ऐकून माझ्यासारख्या जुन्या शिक्षकाच्या कपाळास आठी पडली. रात्रीं जेवतांना मीं माझें मत सांगितलें. म्हटलें, हें शिक्षण नव्हे, हा किराणा झाला. पावशेर इतिहास, छटाकभर संगणक आणि वर चिमूटभर संस्कृति. शिवाय एका वर्षानें प्रमाणपत्र मिळण्याची सोय म्हणजे मुलींच्या शिक्षणावर टांगती तलवार. चांगलें स्थळ आलें कीं घरचीं माणसें म्हणणार, 'झालें कीं एक वर्ष, प्रमाणपत्रही मिळालें, आतां पुरे.' माझे दोघे चिरंजीव मान डोलवीत होते. मोठ्या सूनबाई वाढीत होत्या. त्या थांबल्या व म्हणाल्या, "मामंजी, मी बोलूं का?"

आमच्या मोठ्या सूनबाई सहसा मध्यें बोलत नाहींत. त्या म्हणाल्या, "माझें लग्न ठरलें तेव्हां माझी बी. ए. चीं दोन वर्षें झालीं होतीं. तिसरें वर्ष सासरीं पुरें करतां येईल असें सर्वांनीं सांगितलें. पुढच्या वर्षीं ही पोटांत होती. आज कोणी शिक्षण विचारलें तर मला 'बारावी' असें लिहावें लागतें. तीं दोन वर्षें कोठें गेलीं? मी नापास झालें नव्हतें. मला त्या वेळीं पदविका मिळाली असती आणि तिसरें वर्ष जमा-खर्चांत शिल्लक राहिलें असतें, तर त्याला मी किराणा म्हटलें नसतें."

कोणी कांहीं बोललें नाहीं. माझ्या घरांत, माझ्या डोळ्यांसमोर, वीस वर्षांपूर्वीं एका मुलीचें तिसरें वर्ष राहून गेलें आणि मला त्याची आठवणही नव्हती. मी निवृत्त शिक्षक. गांवांतील मुलींचीं नांवें शाळेंतून काढूं नका म्हणून मीं परक्यांच्या घरीं खेटे घातले आहेत. आमच्या घरांतून एवढेंच शब्द आले, "तिचें खरें आहे हो." मीं ताटावरून उठून हात धुतले. त्या रात्रींपासून या नव्या पद्धतीविषयीं माझें मत पूर्वीइतकें ठाम राहिलेलें नाहीं. तलवारीची भीति खोटी नव्हे. पण तीच वस्तु दुसऱ्या घरीं काठीचा आधार होऊं शकते. तिचें काय होणार हें विद्यापीठाच्या नियमापेक्षां घरच्या माणसांवर अधिक अवलंबून आहे.

आतां मायनरकडे वळूं. नातीनें आपल्या मनानें संस्कृत निवडलें. खोटें कशास बोलूं, मला आनंद झाला. इतिहासाच्या विद्यार्थिनीला शिलालेख व ताम्रपट वाचावयाचे तर संस्कृत हवेंच. पण चार दिवसांनीं ती कॉलेजांतून परत आली ती तोंड उतरवून. संस्कृत शिकविण्यास कॉलेजांत कोणी नाहीं. जे शिक्षक आहेत त्यांचे जे विषय आहेत त्यांतूनच मायनर घ्यावयाचा. कागदावर विषयांची भली मोठी यादी. प्रत्यक्षांत पुढ्यांत दोन किंवा तीन नांवें. कॉलेजाचें नांव मी देत नाहीं, कारण दोष त्या एका संस्थेचा नाहीं. चौकशी करतां आसपासच्या गांवांतूनही हीच कथा ऐकूं आली. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार?

तेव्हां मनांत प्रश्न आला कीं हें सारें ठरवितो तरी कोण? आम्ही सुशिक्षित म्हणविणारीं माणसें. पण 'विद्यापीठानें ठरविलें' यापलीकडे आमच्यापैकीं किती जणांना ठाऊक असतें? मीं थोडें वाचलें, थोडें जुन्या विद्यार्थ्यांना विचारलें. त्यांतील कांहीं आज प्राध्यापक आहेत.

आपलें ठाणें जिल्ह्याचें क्षेत्र मुंबई विद्यापीठाकडे. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतची सारी किनारपट्टी त्याच्या कक्षेंत असून संलग्न कॉलेजें आठशेंहून अधिक आहेत. त्याचा कारभार 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणें चालतो. हा कायदा 1 मार्च 2017 पासून अमलांत आहे. प्रत्येक विषयाचें एक अभ्यासमंडळ असतें. त्यांत कांहीं प्राध्यापक निवडून येतात, कांहीं नेमले जातात. कोणत्या सत्रांत काय शिकवावें, कोणतीं पुस्तकें लावावीं, हें तेथें लिहिलें जातें. तेथून तें विद्याशाखेकडे आणि विद्याशाखेकडून विद्यापरिषदेकडे जातें. तिची मंजुरी मिळाली कीं अभ्यासक्रम लागू. कारभाराची सूत्रें व्यवस्थापन परिषदेच्या हातीं. आणि या सर्वांच्या भोंवतीं अधिसभा, म्हणजे जुन्या भाषेंत सेनेट. तिनें विद्यापीठाचें अंदाजपत्रक पाहावयाचें आणि शिकविलें जातें त्याविषयीं समाजाचें मत विद्यापीठास कळवावयाचें, असें कायद्यांतच लिहिलें आहे.

मग संस्कृत अडलें कोठें? अभ्यासमंडळानें संस्कृताचा अभ्यासक्रम केलेला आहे. विद्यापरिषदेनें मंजूर केलेला आहे. पण शिक्षकाची जागा मंजूर करणें व तिचा पगार देणें हें राज्य सरकारच्या हातीं, आणि ती जागा मागणें किंवा न मागणें हें संस्थेच्या हातीं. सरकारी जागा वर्षानुवर्षें भरल्या जात नाहींत. कॉलेजें तासावर पैसे देऊन तात्पुरते शिक्षक आणतात. दहा मुलांसाठीं तासाचा शिक्षक आणणें संस्थेस परवडत नाहीं. म्हणजे पाकक्रिया एकानें लिहिली, शिधा दुसऱ्यानें द्यावयाचा, आणि चूल पेटविणारा तिसराच. विद्यार्थ्याला निवडीचें स्वातंत्र्य देणारा कागद खरा आहे. पण निवडलेला विषय शिकविणारा माणूस मिळवून देण्याची जबाबदारी त्या कागदावर कोणाच्याच नांवें लिहिलेली नाहीं.

संस्कृताकरितां मी रडतों आहें असें कोणी समजूं नये. आपल्याच इतिहासांतील एक उलट पान येथें उघडून दाखवितों. मुंबई विद्यापीठाची स्थापना 18 जुलै 1857 रोजीं झाली. बी. ए. ची पहिली तुकडी 1862 सालीं बाहेर पडली. तींत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक व बाळ मंगेश वागळे असे चौघे होते. पण त्याच दशकांत विद्यापीठानें मराठी, गुजराती इत्यादि देशी भाषांना मॅट्रिकच्या वरच्या परीक्षांतून काढून टाकलें आणि त्यांच्या जागीं संस्कृत, लॅटिन अशा अभिजात भाषा आणल्या. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या पिढीला हा बदल सोयीचा वाटला असावा, कारण संस्कृताची परंपरा घरांत होती. परिणाम असा झाला कीं चांगले बी. ए. झालेले गृहस्थ इंग्रजींत निबंध लिहीत, संस्कृतांत अन्वय लावीत, आणि मराठींत चार ओळी लिहावयाच्या तर अडखळत.

हें दुखणें ओळखलें रानड्यांनीं. ते स्वतः त्याच विद्यापीठाचे पहिल्या तुकडीचे पदवीधर. न्यायासनाचें काम संभाळून त्यांनीं सेनेटांत मराठीचा प्रश्न वर्षानुवर्षें लावून धरला. त्यांना विरोध करणारे सर्वच परके नव्हते. देशी भाषांत उच्च परीक्षेला बसविण्याजोगें वाङ्मय आहे कोठें, असें विचारणारे स्वकीयही होते. रानडे खचले नाहींत. अखेर एम्. ए. च्या परीक्षेंत मराठीला जागा मिळाली ती 1901 च्या सुमारास, आणि त्याच वर्षाच्या जानेवारींत ते वारले. एक भाषा विद्यापीठांतून बाहेर जाण्यास एक ठराव पुरला. ती परत येण्यास जवळजवळ चाळीस वर्षें आणि रानड्यांसारख्या माणसाचें आयुष्य लागलें. आज मराठीला अभिजात भाषेचा दर्जा आहे, तो 3 ऑक्टोबर 2024 रोजीं केंद्र सरकारनें दिला. रिद्धपूर येथें मराठी भाषेचें स्वतंत्र विद्यापीठही झालें आहे. या सर्वांचा आनंद मानतांना तीं मधलीं चाळीस वर्षें विसरूं नयेत.

दुसरें उदाहरण अण्णासाहेब कर्व्यांचें. चालू विद्यापीठांत मुलींना हवें तसें शिक्षण मातृभाषेंतून मिळेना, तेव्हां ठराव मांडीत बसण्यापेक्षां त्यांनीं 1916 सालीं स्त्रियांचें निराळें विद्यापीठच काढलें. 1920 सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं त्याला पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली. तरी सरकारची कायदेशीर मान्यता मिळून तें पुरतें विद्यापीठ होण्यास 1951 साल उजाडावें लागलें. पस्तीस वर्षें मुली तेथें शिकल्या त्या सरकारच्या शिक्क्यावांचून. ज्या घरांनीं त्यांना पाठविलें त्या घरांच्या हिंमतीवर. म्हणून मी म्हणतों कीं अभ्यासक्रमाच्या गोष्टी केवळ फोर्टांतल्या नि कालिन्यांतल्या सभागृहांत ठरत नाहींत. त्या आपल्या माजघरांतही ठरतात.

मी स्वतः 1975 चा मॅट्रिक. त्या वेळीं जुनी अकरावी जाऊन नवी दहावी येत होती. धड ना इकडचे ना तिकडचे अशी आमची गत. कोणतें पुस्तक कोणत्या परीक्षेला हें मास्तरांनाच सांगतां येत नसे. पुढें मीच मास्तर झालों आणि तीच कसरत मुलांपुढें केली. नवा अभ्यासक्रम जूनमध्यें सुरू व्हावयाचा, शिक्षकांचें प्रशिक्षण ऑगस्टांत आणि पुस्तक दिवाळीच्या आगेंमागें! बदल चांगला कीं वाईट हा पुढचा प्रश्न. घाईनें केलेला चांगला बदलही पहिल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या डोक्यावरून रथासारखा जातो. मुंबई विद्यापीठांत 2017 सालीं हेंच दिसलें. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकाच उन्हाळ्यांत सर्व परीक्षांना लागू केली. सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका. निकाल महिनोन्महिने लांबले. पुढील प्रवेशांच्या मुदती निघून गेल्या. आणि अखेर ऑक्टोबरांत कुलपतींनीं कुलगुरूंना पदावरून दूर केलें. पडद्यावर तपासणें ही कल्पना कांहीं वाईट नव्हती. पण ती राबविणाऱ्या शिक्षकांना आधीं विचारावें, एखाद्या शाखेंत प्रथम करून पाहावें, एवढा धीर कोणी धरला नाहीं. कुलगुरु गेले, परंतु ज्या मुलांचें वर्ष हुकलें त्यांना तें परत मिळालें नाहीं.

नव्या अभ्यासक्रमांतील दोन गोष्टींविषयीं थोडें लिहितों. एक मला खटकते आणि एक मनापासून आवडते. खटकते ती भारतीय ज्ञानपरंपरा, म्हणजे तिची वाढण्याची रीत. माझ्यासारख्या संस्कृतज्ञानें ही तक्रार करावी याचें आश्चर्य वाटेल. पण दोन श्रेयांक म्हणजे तीस तास. त्या तीस तासांत वेदांपासून वास्तुशास्त्रापर्यंत आणि आयुर्वेदापासून आर्यभटापर्यंत सर्व नांवें घ्यावयाचीं. मूळ ग्रंथाची एक ओळही मुलगी वाचणार नाहीं. पण आर्यभटानें काय केलें यावर दोन गुणांचें उत्तर मात्र लिहील. त्यापेक्षां तीस तासांत एकच लहान ग्रंथ घेऊन तो अर्थासह, शंकांसह, विरोधी मतांसह वाचला असता तर परंपरा म्हणजे काय हें तिला कळलें असतें. आपल्या शास्त्रांत पूर्वपक्ष मांडल्यावांचून सिद्धांत मांडीत नसत. पूर्वपक्ष गाळून नुसता अभिमान शिकवूं लागलों तर ती परंपरा नव्हे, जाहिरात होय.

आवडते ती गोष्ट अशी कीं आतां विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य व समाजकार्य यांचे श्रेयांक मिळवावे लागतात. म्हणजे वर्गाबाहेर पडून गांव पाहावें लागतें. बदलापूरकरांना हें नवीन नाहीं. न्यायखात्यांतून निवृत्त झालेले नारायण गोविंद चापेकर यांनीं आपल्या या गांवाची बारकाईनें पाहणी करून 1933 सालीं 'बदलापूर' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. येथील शेती, धंदे, घरें, चालीरीति, माणसांची बोली, सारें त्यांत टिपलें आहे. कोणत्याही विद्यापीठानें त्यांना श्रेयांक दिले नव्हते. पुढल्याच वर्षीं, 1934 सालीं, बडोद्याच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. मीं नातीला तें पुस्तक ग्रंथालयांतून आणावयास सांगितलें. उल्हास नदीच्या कांठची त्या वेळची शेती आणि आज त्याच जमिनीवर उभ्या असलेल्या इमारती यांची नोंद घेण्यास इतिहासाच्या विद्यार्थिनीनें आफ्रिकेंत जाण्याचें कारण नाहीं. तिला कल्पना पटली. प्राध्यापकांना पटते कीं नाहीं तें पाहावयाचें.

आतां मूळ मुद्द्यावर येतों. अधिसभेंत समाजाचें मत सांगावयाचें, तें सांगणारे कोण? पूर्वीं फेलो सरकार नेमीत असे. 1904 सालीं लॉर्ड कर्झननें नवा कायदा करून सेनेटची संख्या शंभराच्या आंत आणली. मुंबईसारख्या विद्यापीठांत निवडणुकीनें यावयाचे ते अवघे वीस. बाकी बहुतेक सारे सरकारी नेमणुकीचे. नामदार गोखल्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत या विधेयकास विरोध केला तो याचसाठीं, कीं विद्येचें घर सरकारच्या मुठींत जाऊं नये. आज राज्य आपलें आहे, तरी नेमणुका आणि निवडणुका यांचें प्रमाण काय असावें हा वाद मिटलेला नाहीं; 2016 च्या कायद्यानें नेमणुकांचें पारडें जड केलें अशी अनेक प्राध्यापकांची तक्रार आहे. मुंबईच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनीं निवडून द्यावयाचे प्रतिनिधि दहा. त्यांची निवडणूक 2023 सालीं जाहीर होऊन तहकूब झाली, आणि उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण जाऊन अखेर 24 सप्टेंबर 2024 रोजीं मतदान झालें. मतदारयादींत नांवें होतीं तेरा हजारांच्या आसपास.

तेरा हजार! मुंबईपासून सावंतवाडीपर्यंत या विद्यापीठाचे पदवीधर किती लाख असतील याचा विचार करा. नुसत्या सकाळच्या बदलापूर लोकलींतून प्रवास करणारे मोजले तरी काय आकडा होईल! नोंदणी आपोआप होत नाहीं. विद्यापीठ मुदत जाहीर करतें तेव्हां पदवीधरानें स्वतः अर्ज करावा लागतो. ज्यांनीं केला त्यांना मत. बाकीचे घरीं बसून 'विद्यापीठाचा अगदीं बोजवारा उडाला' असें म्हणावयास मोकळे.

मीं आमच्या घराची शिरगणति केली. दोघे चिरंजीव पदवीधर; धाकट्या सूनबाई एम्. एस्सी. तिघांपैकीं यादींत कोणाचें नांव? कोणाचेंही नाहीं. धाकट्या चिरंजीवांना अशी यादी असते हेंच ठाऊक नव्हतें. थोरल्यांना ठाऊक होतें, पण 'तेथें सारें राजकारण चालतें' म्हणून त्यांनीं नोंदणी केली नाहीं. मीं म्हटलें, राजकारण चालतें हें खरें. पण शहाण्यांनीं घरीं राहावयाचें ठरविलें म्हणजे दुसरें काय चालणार? आणि गंमत अशी कीं या प्रश्नाची ज्यांना खरी कळकळ लागली तीं घरांतलीं दोन माणसें, मी आणि मोठ्या सूनबाई, आम्हां दोघांनाही मताचा अधिकार नाहीं. मी मॅट्रिक, त्यांचें तिसरें वर्ष राहिलेलें.

पुढें काय झालें तें सांगून हें टिपण पुरें करतों. मार्ग नातीनेंच शोधला. केंद्र सरकारचें 'स्वयम्' नांवाचें घरबसल्या शिकण्याचें व्यासपीठ आहे. तेथील अभ्यासक्रमांचे श्रेयांक एकूण अभ्यासाच्या शेंकडा चाळीसपर्यंत धरतां येतात असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा 2021 सालचा नियम तिनें मला काढून दाखविला. अट एवढीच कीं कॉलेजानें मान्यता दिली पाहिजे. तिनें संस्कृतासाठीं तसा अर्ज केला आहे. मीं त्याला एक पत्र जोडलें. त्यांत असेंही सुचविलें कीं बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर हीं गांवें एकाच लोहमार्गाच्या कडेस आहेत. तेथील दोन-तीन कॉलेजांनीं मिळून संस्कृताचा एक शिक्षक ठेवावा आणि आठवड्यांतून दोन दिवस मुलांना एकत्र बसवावें. एकट्या संस्थेस जो खर्च भारी वाटतो तो तिघांत वांटला तर जड जाणार नाहीं. पत्राचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.

तोंवर रोज संध्याकाळीं दिवेलागणीनंतर अर्धा तास आम्ही गॅलरींत बसतों. भांडारकरांचें पहिलें पुस्तक, ज्यावर माझें संस्कृत झालें, तेंच काढलें आहे; पानें पिवळीं झालीं, पण उपयोग कमी झालेला नाहीं. पहिले चार दिवस एकटी नात होती. पांचव्या दिवशीं मोठ्या सूनबाई कुकर लावून येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मीही ऐकलें तर चालेल ना?" त्यांच्या त्या दोन वर्षांचा हिशेब नव्या पद्धतींत लावून घेतां येईल कीं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, हें विचारण्यास थोरले चिरंजीव पुढल्या आठवड्यांत रजा काढून जाणार आहेत. वीस वर्षांपूर्वींच जावयास हवें होतें, असें मीं त्यांना सांगितलें, मलाही सांगितलें.

वाचकांनीं दोन गोष्टी कराव्या अशी विनंती आहे. घरांतील मुलगा वा मुलगी कॉलेजांत जाणार असेल तर विषयांची यादी न पाहतां, कोणते विषय शिकविण्यास तेथें प्रत्यक्ष माणूस आहे हें आधीं विचारावें. आणि घरांत जितके पदवीधर असतील तितक्यांनीं आपल्या विद्यापीठाच्या मतदारयादींत नांव घालण्याची पुढची मुदत केव्हां आहे हें पाहून ठेवावें. आमच्या तिघांनीं तसें वचन दिलें आहे. तें पाळलें जातें कीं नाहीं, तें यथाकाल याच सदरांत कळवीन.